उचित दरात जेवण

माझी आक्का उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, खानावळ चालवते. मी तिचा धाकटा भाऊ. गावातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि शनिवारी इथल्या एका छोट्या दैनिकात सदर लिहितो. सरकारनं सिनेमाच्या तिकिटाला दर बांधून दिला, क्रिकेटपटूंच्या लिलावावर कुणी नाकं मुरडली, रिल्स करून चार पैसे मिळवणाऱ्या पोरींवर कुणी संस्कृतीच्या नावानं धावून गेलं, की माझी लेखणी सरसावते. म्हणणं एकच असतं. देणारा आणि घेणारा राजी असतील तर तिसऱ्यानं मध्ये तोंड घालू नये. घरात या सदराची भरपूर टिंगल होते. आक्का म्हणते, "ह्यो बाजाराचा वकील. पर कोथमीर आणाय धाडला तर कोमेजल्याली घिऊन येतोय."

मागच्या वर्षी दुकानांच्या बोर्डांचा विषय पुन्हा पेटला. कन्नड वर हवं, मोठं हवं, बाकीच्या भाषा खाली. आमच्या भागात हे काही नवीन नाही, पण या वेळी गळ्यात कन्नड संघटनेचे लाल-पिवळे पट्टे घातलेली पोरं मोटारसायकलवरून गल्लोगल्ली फिरत होती, आणि एकाच्या हँडलला बोर्डांवर फासायच्या काळ्या रंगाचा डबा लटकलेला असायचा. एका दुपारी ती आक्काच्या दारात थांबली. खानावळीवर पत्र्याचा मराठी बोर्ड होता, वर्षानुवर्षांचा. पुढाऱ्यासारखा दिसणारा एक जण नम्रपणे म्हणाला की सोमवारपर्यंत बदला, नाहीतर आम्ही बदलू. त्या नम्रपणानंच आक्का जास्त घाबरली. आत दोन विधवा बायका भाकऱ्या थापायला असतात, त्यांची घरं या चुलीवर चालतात. खानावळ चार दिवस बंद राहिली तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळणार आणि परत यायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी तिला म्हटलं, बदलू नकोस. भिंत तुझी, पत्रा तुझा, त्यावर काय लिहायचं हे सांगणारे ते कोण? पलीकडे महाराष्ट्रात मराठी बोर्डांची सक्ती झाली तेव्हाही मी हेच लिहिलं होतं, आणि तेव्हा आपल्याच लोकांनी मला फितूर ठरवलं होतं. म्हणजे माझी भूमिका सोयीची नाही. हे सगळं मी तिला तावातावानं समजावून दिलं.

"तुजी भूमिका तुज्यापाशी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दगूड तुज्या भूमिकंला लागत न्हाय. माज्या काचंला लागतोय."

ती घाबरलेली पाहून मला संताप आला, आणि संतापात मला युक्ती सुचली. कन्नड लिपीत मराठीच लिहायचं. अक्षरं त्यांची, शब्द आपले. असली माणसं लांबून अक्षरं बघतात, जवळ येऊन वाचत बसत नाहीत. आमच्याकडे असे बोर्ड अधूनमधून दिसतातही. आक्काला हे पटलं, निदान तिनं मान डोलावली.

आता मजकूर. जुन्या बोर्डावर 'स्वस्त आणि मस्त' असं होतं. ते मला कधीच आवडलं नव्हतं. स्वस्त म्हटलं की आपणच आपल्या कष्टाची किंमत पाडतो. मी म्हटलं, 'उचित दरात पोटभर जेवण' असं लिही. जो दर तुलाही परवडतो आणि जेवणाऱ्यालाही, तो उचित. आक्का म्हणाली, "लई भारी शबूद हाय, पर लिव." जवळच्या कंग्राळी गावच्या पेंटरनं आम्ही सांगितलं तसं एकेक अक्षर कन्नडमध्ये उतरवलं. तो मराठी, आम्ही मराठी. तिघांनी खाली उभं राहून बोर्ड मोठ्यानं वाचला आणि तिघांनाही तो बरोबर वाटला.

सोमवारी कॉलेजला मी रजा टाकली. काही झालं तर आपण तिथे असावं म्हणून सकाळपासून खानावळीत बसून होतो. जेवणाची वेळ व्हायच्या आतच माणसं यायला लागली. ओळखीची नव्हती. एका ट्रकवरचे हमाल, शेजारच्या कारखान्याचे विजापूरकडचे दोन वॉचमन, मग रस्त्याच्या कामावरचा एक अख्खा घोळका. आक्काचा चेहरा खुलला. माझाही. मी मनात म्हटलं, बघा, चांगल्या शब्दाची किंमत असते.

वॉचमननी पोटभर भाकरी-आमटी खाल्ली, हात धुतले, आणि त्यातल्या म्हाताऱ्यानं आक्कापुढे हात जोडले. "पुण्य बरली, अव्वा," म्हणाला, म्हणजे पुण्य लाभो, आई. आणि दोघं चालू लागले. पैसे द्यायला विसरले असतील असं आम्हाला वाटलं. मग हमाल उठले, त्यांनीही हात जोडले आणि गेले. आक्का माझ्याकडे बघायला लागली. मी बाहेर जाऊन बोर्ड पुन्हा वाचला, या वेळी कन्नड म्हणून.

कन्नडमध्ये उचित म्हणजे फुकट. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बायकांना बस फुकट झाली तेव्हापासून हा शब्द रोज कानावर पडतो, त्या योजनेवर मी सदराचे दोन शनिवार घालवले आहेत. पण बसमध्ये आम्ही कन्नड कन्नड म्हणून वाचतो. इथे अक्षरं कन्नड होती आणि वाचणारी तोंडं मराठी. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर मोटारसायकली दिसल्या.

तिघे होते. डबा हँडलला होताच. पुढाऱ्यानं मान वर करून बोर्ड वाचला, एकदा मनात, एकदा ओठ हलवत. त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "उचित एवढंच काय ते कन्नड. बाकी सगळं मराठी. आमची चेष्टा करता?"

आत आमची नेहमीची, शेजारच्या फौंड्रीतली पोरं नुकतीच येऊन बसली होती, उचगाव-कंग्राळीसारख्या मराठी गावांतली. ती ताटावरून उठली. कुणाच्या हाताला आमटी, कुणाच्या हातात पाण्याचा तांब्या. रस्त्याच्या कामावरचा घोळका जेवायचा थांबला. पुढाऱ्याच्या मागचा एक जण डब्याचं झाकण उघडायला लागला. मी पुढे झालो आणि कन्नडमध्ये सुरू केलं, की मालमत्ता, स्वातंत्र्य, दोन माणसांमधला करार...

"तू गप बस रं," आक्का म्हणाली.

ती पदर खोचून उंबऱ्यात येऊन उभी राहिली. फौंड्रीच्या पोरांकडे वळून तिनं फक्त बोट खाली केलं, आणि ती बसली. मग पुढाऱ्याला ती कन्नडमध्ये म्हणाली, चेष्टा नाही, चूक झाली आहे. आम्हाला रास्त म्हणायचं होतं, लिहिलं गेलं फुकट. पण माणसं वाचून आली आहेत. बोर्ड वर आहे तोवर लिहिलेलं पाळणार. तुम्हीही वाचलंत, तुम्हीही बसा.

झाकण उघडणाऱ्याचा हात तसाच राहिला. त्याला भूक लागली असावी, कारण आधी तोच आत आला. दुसरा त्याच्या मागून आला. पुढारी मात्र बाहेरच उभा राहिला. त्याची दोन माणसं जेवून होईपर्यंत तो उन्हात उभा होता. जाताना म्हणाला, "बोर्ड उद्यापर्यंत," आणि गाडीला किक मारली.

मी आक्काला म्हटलं, तो बोर्ड आत्ता उतरवू, निदान पुढचं नुकसान थांबेल. तिनं ऐकलं नाही. "जेवाण चालू असताना दर फिरवायचा? लोकं काय म्हन्तील?" तिचा नियम माझ्यापेक्षा कडक निघाला. बातमी पसरत गेली तशी माणसं येत गेली. भाकरीचं पीठ संपलं, मग भात संपला. फौंड्रीची दुसरी पाळी आली तेव्हा आत फक्त धुतलेली पातेली होती. ही पोरं कित्येक वर्षं तिच्याकडे जेवतात. ती दारात घुटमळली आणि कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीकडे गेली. त्यातल्या एकाला रक्तातल्या साखरेचा त्रास आहे. त्याला तिनं हाक मारून आत घेतलं आणि स्वतःसाठी झाकून ठेवलेलं ताट दिलं. मला एवढं वाईट वाटलं की मी तिथून उठून नळावर जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी बोर्ड खाली उतरवला. मी रात्री बसून शुद्ध कन्नडमध्ये नवा मजकूर तयार केला, कॉलेजातल्या कन्नडच्या प्राध्यापकांकडून फोनवर तपासून घेतला, आणि खाली मराठी, लहान अक्षरात. मनाला लागलं, पण म्हटलं चुलीसाठी एवढं चालेल. सकाळी तो घेऊन गेलो तर आक्का स्टुलावर चढली होती. बोर्ड पुन्हा वर टांगलेला होता आणि तिनं त्याला पांढरा रंग मारून काढला होता. एक अक्षर ठेवलं नव्हतं, तिचं नाही, कुणाचंच नाही.

"हे काय?" मी म्हटलं. "नवीन गिऱ्हाइकाला कळणार कसं?"

"न्हाय कळलं तर न्हाय. वळकीचं येतील."

मी हातातला कागद खिशात घातला. माझी सगळी शिकवण या एका प्रश्नावर उभी आहे, म्हणून मी तो विचारला. "आक्का, हे तू तुझ्या मनानं केलंस, का त्यांच्या भीतीनं?"

ती रंग सुकलाय का ते बोटानं बघत होती. मग तेच बोट पदराला पुसलं.

"त्ये मला कळलं असतं तर तुला सांगिटलं असतं की," ती म्हणाली, आणि स्टुलावरून उतरून भाकऱ्या टाकायला आत गेली.