बॉल आणणारा

आमच्या शारजाच्या कामगार कॅम्पात फुटबॉलच्या दोन टीम आहेत. दरवर्षी दोन्ही कॅप्टन आळीपाळीने माणसं निवडतात. मग वर्षभर चहावर एकच वाद चालतो, कुणाला घ्यायला हवं होतं आणि कुणाला घेतलं.

आमचा कॅप्टन गॅरेजात डेंटिंग करतो, गाड्यांचे पोचे काढतो. बोलताना तो समोरच्याकडे बघत नाही, हातातल्या पत्र्यावरून बोट फिरवत राहतो. गेल्या वर्षी त्याने गोलवर गोल मारणारा मलबारी पोरगा सोडून मला घेतलं. मी नववीतून शाळा सोडलेला. तोवर मला आपणहून कुणी निवडलं नव्हतं. मलबारी दुसऱ्या टीममध्ये गेला आणि आम्ही हरलो.

"बॉल आणणारा घेतलास, गोल मारणारा सोडलास!" पोरं अजून टोमणे मारतात.

"रस्त्यावर गेलेला बॉल हा न सांगता आणत होता," तो पत्र्याला सांगतो. "त्या दिवशी मला तेवढं दिसलं. आज निकाल कळल्यावर काय, कुणीही शहाणा होईल." मला घेतलं ही चूक झाली, असं तो कधीच म्हणाला नाही.

या शुक्रवारी पुन्हा निवड झाली. पहिली पाळी त्याची.

त्याने मलबाऱ्याला घेतलं. बरोबरच होतं ते, तरी मी खाली बघत राहिलो. तेवढ्यात दुसरा कॅप्टन माझ्याकडे बोट करून ओरडला, "यल्ला, चल, हा धावणारा माझा!"

मी निघालो तशी आमच्या कॅप्टनने पाठीवर थाप मारली.

"जा. याला का सोडलास, हे आता वर्षभर ऐकायचंय मला."

हे तो थेट माझ्याकडे बघून बोलला.