टेपचं शून्य

ताईचं अर्धं आयुष्य समुद्राच्या तळाशी गेलं. बुडालेली जुनी जहाजं शोधायची, मोजायची आणि त्यांना कुणी हात लावू नये म्हणून कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे, ही तिची नोकरी. धाकट्या भावानेही तीच वाट धरली, तेव्हा आईने कपाळावर हात मारून घेतला होता.

बंदराची वाट खोल करायला गाळ उपसणारं यंत्र उद्या येणार होतं. तिथेच तळाशी सापडलेल्या एका जुन्या जहाजाचं टोक त्या वाटेत शिरतं हे मापाने सिद्ध झालं, तरच काम थांबणार. नाहीतर इतकी शतकं टिकलेल्या सांगाड्याचा चुरा.

पाणी इतकं गढूळ, की स्वतःचा हात दिसेना. भावाने मागच्या टोकाला टेपचं शून्य लाकडावर दाबून धरलेलं, ताई पुढच्या टोकाला. बोलणं सगळं टेपला दिलेल्या हिसक्यांचं. तिने दोन दिले की त्याने दोन द्यायचे, मग आकडा वाचायचा. तिचे तीन मिळेपर्यंत शून्य सोडायचं नाही, हे तिनेच त्याच्या डोक्यात ठासून भरलं होतं.

तिने दोन दिले. उत्तर एकच आलं, तेही दुबळं. टॉर्च टेकवून पाहिलं, तर आकडा चक्क हवा तेवढा! हरखून तिने तीन हिसके दिले. पलीकडे सामसूम.

टेप चाचपत ती निघाली. शेवटाला टेप वाकडी झालेली. मच्छीमारांचं हरवलेलं जाळं, आणि त्यात गुरफटलेला भाऊ. एक हात अडकलेला, दुसरा मोकळा. सुरी पट्ट्यालाच होती, पण मोकळ्या हाताने या शहाण्याने शून्य धरून ठेवलं होतं! मनातल्या मनात त्याला शिव्या घालत तिने जाळं कापलं.

होडीवर बंदराचे इंजिनियर वाट पाहत होते. त्यांनी आकडा विचारला. भाऊ कुडकुडत तिला खुणावत होता, सांगून टाक म्हणून. आकडा तिच्या अगदी ओठांवर आला होता.

"माप झालेलं नाही," ती म्हणाली. "टेप जाळ्यात वाकली होती."

अंधार पडायच्या आत आणा, एवढंच सांगून साहेब वळले. भावाने लगेच नवा सिलेंडर ओढला. त्याला थांबवावं असं तिला फार वाटलं, पण जहाजही सोडवेना.

"तू पुढे जा. शून्य मी धरते."

"आणि अडकलीस तर?"

"तर सोडून देईन."

त्याचा काही विश्वास बसला नाही. त्याने स्वतःचीही सुरी काढून तिच्या पट्ट्याला अडकवली.