अक्कांनी ग्रुप सोडला

"वजन बोला!"

रोज सकाळी अक्कांचा आवाज मोबाईलवर यायचा आणि मागे त्यांच्या गाईचं हंबरणं. आमचा हा व्हॉट्सअॅप ग्रुप नांदेड-लातूरच्या डायलिसिसवाल्यांचा. आमच्यातल्या कुणाचं वजन एका दिवसात वाढलं, की तो मोजून दिलेल्यापेक्षा जास्त पाणी चोरून प्यायलाय, हे अक्का बरोबर ओळखायच्या. "गुरुजी, दोन किलो? टरबूज खाल्लाव जनू!" मी खाल्लेलं असायचंच.

त्या देवणीच्या निवृत्त अंगणवाडीताई. डायलिसिसला एसटीने लातूरला जायच्या. मी नांदेडचा. भेटायचं दरवेळी ठरायचं आणि दोघांपैकी कुणाचा तरी सुया टोचलेला हात सुजायचा. भेट राहिलीच.

एकदा मी कंटाळून लागोपाठ दोन डायलिसिस चुकवले. बायकोचंही ऐकेना. अक्कांचा फोन आला.

"शाळंला दांडी मारनाऱ्या पोराला काय करता, गुरुजी?"

"कान धरून आणतो."

"मग धरा सोताचा. तुमी निघूस्तोर मी फोन ठेवत न्हाई."

मी रिक्षात बसेपर्यंत त्या बोलत होत्या, मुख्यतः माझ्या अकलेविषयी. त्या दिवशी गेलो म्हणून आज हे लिहितोय.

आमचा एक रिवाज तुम्हाला सांगायला हवा. किडनी मिळालेला माणूस ग्रुप सोडतो. कुणी बाहेर पडल्याची ओळ दिसली, की आम्ही अभिनंदनाचा धडाका लावतो.

गेल्या श्रावणात ती ओळ अक्कांच्या नावाने आली. किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव होतंच त्यांचं आणि आठवडाभर सकाळचा आवाजही नव्हता, म्हणजे ऑपरेशनच झालं असणार. धडाका उडाला. मला आनंद झाला आणि, खोटं कशाला बोलू, रागही आला. मला तरी सांगायचं! आठवड्याने भांडायलाच फोन लावला. सुनेने उचलला.

"सासूबाई गेल्या वो, पंधरा दिस झाले. फोन पोरीला अभ्यासाला दिला, म्हनून समदे ग्रुप काढले."

ग्रुपवर कळवायला कितीदा लिहिलं आणि खोडलं. अक्कांची फार आठवण येते आणि ज्यांना ती सांगावी, ते सगळे त्यांच्यासाठी खूश आहेत.

परवा हदगावचा एक नवा पेशंट ग्रुपवर आला. "किडनी मिळते का हो कुनाला?" त्याने विचारलं. लगेच पाच-सहा जणांनी लिहिलं, "आमच्या अक्कांना मिळाली की!"

मग त्याने मला एकट्याला विचारलं, "गुरुजी, खरं हाय का?"

मी लिहिलं, "हाव. मिळाली. तुम्ही उद्या डायलिसिसला जा."