बाबांच्या ठशांवरून

बाबा फौजेतून कुरुंद्याला परत आले, पण त्यांची लढाई काही सुटली नाही. मी शाळेत होतो त्या नव्वदीच्या वर्षांत हळदीच्या वावरात ते पुढं चालायचे अन् आम्हा चौघा भावंडांवर खेकसायचे, "माझ्या ठशावरच पाय ठेवा!" मला चीड यायची. आपलंच वावर, भ्यायचं काहून? आईनं एकदा सांगितलं, त्यांच्या बाजूनं चालणारा सोबती सुरुंगावर पाय पडून गेला होता.

सत्तरी ओलांडून, नातवंडांनाही तसंच चालवून बाबा गेले. त्याच वावरात त्यांना अग्नी दिला. परत निघालो तेव्हा बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी होती. तरी आम्ही चौघं एकामागं एक उभे राहिलो, अन् पहिलं पाऊल टाकायला कोणीच पुढं होईना.