डोळ्यांच्या आखणीविषयी मी दिलेले उत्तर

पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात दरवर्षी मूर्तिकामाच्या आरंभीच्या पाटपूजनासाठी मी रोह्याहून जातो. दोन वर्षांपूर्वी पूजेनंतर चहा घेत असता मालकांनी विचारले, "गुरुजी, यजमान गेलेल्या बाईने मूर्तीचे डोळे आखले तर चालते का?" हातातला कप खाली न ठेवताच मी म्हणालो, "टाळलेले बरे."

त्या दोन शब्दांमुळे बारा वर्षे डोळे आखणारी एक विधवा कारागीर मूर्ती घासण्याच्या कामावर गेली. मला त्याची वार्ताही नव्हती. तिने सरकारी कामगार कार्यालयात भेदभावाची तक्रार केली, तेव्हा मालकांनी लेखी उत्तरात माझे वाक्य 'शास्त्राचा निर्णय' म्हणून घातले. त्या उत्तराची प्रत घेऊन ती रोह्याला माझ्या ओटीवर आली.

"गुरुजी, कंच्या पानावर हाय हे? मना दाखवा. सातवी शिकलेली हाय मी, वाचीन."

"शोधून सांगतो, बाई."

"म्हंजे तवा बगितलाच नव्हता?" ती हसली. "आनि माझे हातचा गनपती बारा वर्सं तुमचेच घरान बसला!"

तीन दिवस मी घरातल्या पोथ्या चाळल्या. असा निषेध मला कोठेही आढळला नाही. उलट प्राणप्रतिष्ठेपूर्वी मूर्ती ही केवळ माती असते, हे मीच घरोघर सांगत आलो आहे. ज्या पोथ्यांमुळे लोक मला नमस्कार करतात, त्या न उघडताच मी एका बाईच्या हातातला कुंचला काढून घेतला होता.

सुनावणीच्या दिवशी मी तसे लिहून दिले. अधिकारीबाईंनी ते वाचून विचारले, "मग तेव्हा असे का सांगितलेत?" मी कागदाखाली सही केली. मालकांनी तिचे काम परत देण्याचे कबूल केले.

जिन्यात मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "हापिसान सांगलात, बरा केलात. पन कारखान्यान माझे बाजूला कोन बसत नाय. तिथं बोललात, तिथंच सांगा."

दुसऱ्या दिवशी पेणला गेलो. पुढे आलेला चहा तसाच ठेवून तिच्यासह सर्व कारागिरांसमोर म्हणालो, "मी पोथी न पाहता बोललो. माझे चुकले."

मग एका म्हातारीने तिच्याकडे पाहून आपला पाट सरकवला. "ये गो, हितं बस."

मी निघताना सगळे पाया पडले. मला तो नमस्कार घेववेना. ती मात्र आखणी सोडून उठली नाही. तिच्यासमोरच्या मूर्तीचा एक डोळा अर्धा झाला होता.