डाव्या हाताच्या काठ्या

वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये ज्याला सगळे ‘डावऱ्या’ म्हणत, तो डावरा नव्हता. जेवायचा उजव्या हाताने, कानस चालवायचा उजव्या हाताने. ते नाव त्याला माझ्यामुळे पडलं. ज्यांनी ते नाव घेतलं, त्यातले काही अजून आहेत. त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

आम्ही दोघं नायगावच्या खाडीकाठचे, एकाच आळीतले. आमच्या भातशेतांमध्ये एकच बांध. नव्वदच्या दशकात त्याने साचे, म्हणजे डाय, बनवायचं छोटं वर्कशॉप टाकलं आणि मी त्याच्याच रांगेत प्लास्टिक मोल्डिंगचा गाळा घेतला. तो पोलादात साचा कोरायचा, मी त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून माल काढायचो. बादल्यांच्या मुठी, खुर्च्यांच्या पायांची बुचं, असलं काहीबाही. दुपारी त्याच्या घरचा डबा माझ्या गाळ्यात उघडायचा. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. प्लास्टिकचा दाणा सुकवायच्या ओव्हनवर भाकरी ठेवून तो ती गरम करायचा आणि म्हणायचा, “तुझ्या मशीनचा एवढाच उपयोग हाय बघ.” नायलॉनच्या वासात मिसळलेला सुकटीचा वास मला आजही भूक लावतो.

एकदा मुंबईचा एक एजंट नमुना घेऊन आला. लहान मुलांची गोल्फची काठी. तिचं डोकं प्लास्टिकचं होतं, पण साधं नव्हे. नायलॉनमध्ये काचेचे बारीक तंतू मिसळलेले, त्यामुळे लोखंडासारखं टणक आणि हाताला हलकं. माल परदेशी जाणार होता. गोल्फ आम्ही दोघांनीही कधी पाहिला नव्हता. मित्राने काठी फिरवून बघितली.

“हिनं चिंचा बऱ्या पडतील रं.”

“चिंचा पाडायला परदेशात मागवतायत होय?”

“तिकडं कोन झाडावर चढनार?”

नमुना त्याच्याकडे थोडे दिवसच राहणार होता. म्हणून त्याने त्यावरून पातळ पत्रा कापला, त्या डोक्याच्या आकाराचा. त्याला तो फर्मा म्हणायचा. नमुना परत गेला तरी फर्म्यावरून साचा कोरता येतो.

त्याच आठवड्यात शेजारच्या गाळ्यात माझ्यासाठी एजंटचा फोन आला. “शेठ, नमुना डावखुऱ्या पोराचा आहे. आपल्याला उजव्या हाताचा माल पाहिजे. डायवाल्याला सांगा, याच्या बरोबर उलटं करायचं.”

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि हसलो. आम्ही क्रिकेट खेळून वाढलेली माणसं. उजवा खेळो की डावा, बॅट एकच. विटीदांडूच्या दांडूला कधी डावा-उजवा हात असतो? मला ते मुंबईकरांचे नखरे वाटले. मित्राला मी काहीच सांगितलं नाही. त्याने मात्र विचारलं होतं, “नमुन्यासारखंच ना? बाजू बघून घे.” मी म्हटलं, “जसंच्या तसं कर.”

ते दिवस फार छान गेले. कडा घासताना काचेच्या तंतूंनी हात कोपरापर्यंत खाजायचे. संध्याकाळी आम्ही खोबरेल चोळत दारात बसायचो. मागे भिंतीला दांडे बसवलेल्या काठ्या रचलेल्या असायच्या, डोकी काळी, चकचकीत. आपला माल समुद्रापार जाणार, या विचाराने मी उगीचच सगळ्यांना चहा पाजत होतो.

एजंट माल बघायला आला. त्याने एक काठी उचलली, वाकून उभा राहिला आणि तसाच थांबला. जिथे चेंडू असायला हवा, तिकडे डोक्याची पाठ होती. या काठीला चेंडू मारायची बाजू एकच असते, हे मला तेव्हा कळलं.

“शेठ, हे सगळं लेफ्टी आहे! मी फोनवर सांगितलं होतं ना?”

आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसं जमली होती. मी म्हणालो, “मी सांगितलं होतं डायवाल्याला. त्यानेच घोळ घातला.”

एजंट निघून गेल्यावर मी मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेलो, खरं सांगायचंच असं ठरवून. “माल उलटा निघाला,” एवढंच बोललो. त्याचा चेहरा उतरला. त्याने खिळ्याला टांगलेला फर्मा काढला, पालथा केला, पुन्हा उलटला. सपाट पत्र्याला कुठली आली बाजू? ताडून बघायला नमुनाही नव्हता.

“कोरताना पत्रा पलटला का रं माझ्याकडून?”

मी म्हणालो, “असेल.”

त्या संध्याकाळपासून तो गाळ्यांमध्ये डावऱ्या झाला. “डावऱ्याकडे काम देऊ नका, उलटं करून देईल,” असं लोक आधी गमतीने म्हणायचे, मग खरंच म्हणायला लागले. पुढचा साचा मी स्वतः दुसऱ्याकडे दिला. त्याला दिला असता तर लोकांनी विचारलं असतं, चूक त्याची होती ना? एवढ्यासाठी मी त्याला डावललं. दोनेक वर्षांत त्याचं वर्कशॉप बंद पडलं आणि तो दुसऱ्याच्या कारखान्यात फिटर म्हणून जाऊ लागला. कडी लावली तरी तीनतीनदा बघायची सवय त्याला तेव्हा लागली.

नाकारलेल्या काठ्या गावात वाटल्या गेल्या. भातकापणी झाली की आळीतली पोरं शेतात त्यांनी चेंडू टोलवायची, अर्थात डाव्या बाजूने. पुढे त्यातली कितीतरी पोरं क्रिकेटमध्येही डावखुरी निघाली. मित्र सगळ्यांत मोठ्याने हसायचा. “मीच बिघडवली रं ही पिढी!” मीही हसायचो.

त्या शेतांवर आता टॉवर आहेत. त्यातल्या एकात त्याच्या लेकीने फ्लॅट घेतला. गेल्या महिन्यात मी बघायला गेलो, तेव्हा सुतार कपाटाचं काम करत होता. त्याने मित्राला विचारलं, “बाबा, बिजागरी कुठल्या बाजूला लावू?”

“मला नको इचारू. माझं डावं-उजवं पलटतं. याला इचार, याला कळतं.”

मी मित्राला गॅलरीत नेलं आणि सगळं सांगितलं. फोन, बॅट, ते ‘असेल’.

त्याने खाली पार्किंगकडे बघितलं. पूर्वी आमचा बांध होता, साधारण तिथेच.

“म्हंजे पत्रा पलटला नव्हता?”

“नाही.”

“साचा नमुन्यासारखाच होता?”

“तंतोतंत.”

“आनि एवढी वर्सं तू माझ्या घरची सुकट खाल्लीस.”

तो आत गेला. कपाटासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “उजवीकडं लाव.”

सुतार म्हणाला, “नक्की ना बाबा? नंतर बदलता येणार नाही.”

“एकदा सांगितलं ना.”

मी गॅलरीतच उभा होतो. मला त्याने आत बोलावलं नाही.