निंघत नव्हता तो प्लेअर

नमस्कार मंडळी. पयले सांगून देतो, मी भूत, चकवा, करनी असलं काई मानत नाई. आमच्या गावातले लोक ज्या चिचेखालून संध्याकायी जात नाई, त्या चिचेखाली मी हातपाय पसरून झोपलो हाओ. भूत आलं बी असन तं माहं घोरनं आयकून वापस गेलं असन.

पन एक गोठ अशी झाली का तिच्यानं मी आज जित्ता हाओ. अन् ते कशी झाली, हे मले आजलोक समजलं नाई. शाळेचं म्हनसान तं दुसरीतच गुरुजी मले कंटाळले अन् मी गुरुजीले, म्हून हे मी बोलून राहिलो अन् माही सून प्रणाली मोबाईलवर लेहून राहिली. मंगापासून ते माह्या 'मले'चं 'मला' करून राहिली होती. म्हनलं, बाई, माहं तोंड जसं हाये तसंच राहू दे... फोटोत बी तसंच येते.

तं आमचं गाव भातकुलीपासून आतमंधी. वावर नाल्याच्या काठाले. नाल्यात बाभूळबन, अन् बाभूळबनात डुकरं अन् रोही, म्हंजे नीलगायी. ते सालंच तशी होती. कापसाले भाव नाई, पानी आलं तं येकदम, गेलं तं तोंडच दाखवे नाई. जे काई पिकंल ते डुकराच्या आधी आपल्या हाती याव, इतलंच मांगनं होतं. म्हून जो तो आपआपल्या वावरात माळा बांधून जागल करे. माळ्यावर बसाचं अन् रातभर आरोया ठोकाच्या, म्हंजे डुकरं हाकलाले बोंबलाचं. माही आरोयी मोठी, सगळ्या शिवारात नाव. पन माही झोप आरोयीपेक्षा मोठी. सकायी उठून पाहो तं डुकराईनं माळ्याच्या खालचंच खाल्लेलं राहे.

मंग मले अक्कल सुचली. अक्कल सुचली का माहं नुसकान होते, हे शोभाले पक्कं मालूम हाये. शोभा म्हंजे माही बायको. म्या अकोल्याच्या साळ्याकडून त्याचा जुना टच मोबाईल आनला. कंपनीचं नाव कोनी आयकेल नव्हतं, पन आवाज असा का बैल बिचके. त्याच्यात म्या आंगनात उभं राहून माहीच आरोयी भरली —

"हाऽऽ... हुर्रऽऽ... निंघा रे सायाचे हो! कोनाच्या बापाचं खाऊन राहिले रे फुकटचं? काठी आनतो का आता?"

एवढं बोंबलल्यावर घसा सुकला. रेकॉर्डिंग बंद कराची कशी हे तं मले मालूमच नाई. मी आपला खाली बसलो अन् म्हनलं, "शोभे, पानी आन वं." तेबी भरलं त्याच्यात.

मोबाईल माळ्याले टांगला, त्याच्यातला गान्याचा प्लेअर लावून देला, अन् मी घोंगडं घेऊन आडवा. चार रोज डुकरं पयाले. मंग त्याईले सवय झाली. पाराजवळून गेलो का लोक म्हनत, "काहून गा देवीदास, डुकराईले पयले शिव्या देतं अन् मंग पानी पाजतं का?"

इथलोक ठीक होतं. पन त्या प्लेअरले काय झालं का तो मनानंच चालू होये. खिशात असला, हात लागला नाई, तरी सुरू. यष्टीत सुरू, दवंडीच्या वक्ती सुरू, कोनाच्या मौतीले गेलो तं तिथं बी सुरू. म्या तं मोबाईल फडक्यात बांधून खिशात ठेवत जाओ, जसा साप ठेवला.

अन् मंग अकोल्याची गोठ झाली. शोभाच्या लहान्या बहिनीची सोयरीक होती. पोराकडचे पाव्हने आले, पंगत बसली. मी जावई मानूस, वाढून राहिलो होतो. पोराचा मामा चांगला भरदार गडी, त्याच्या ताटात मी पुरी टाकाले वाकलो, अन् माह्या खिशातून —

"निंघा रे सायाचे हो! कोनाच्या बापाचं खाऊन राहिले रे फुकटचं?"

सगळ्याईचे हात थांबले. माह्या सासऱ्यानं माह्याकडं असं पाह्यलं का त्या दिवशी जमीन फाटती तं मी आधी त्याईले आत ढकललं असतं. मी खिसा दाबून राहिलो, मोबाईल दबे नाई. "काठी आनतो का आता?" हे बी झालं. अन् मंग शेवटचं, "शोभे, पानी आन वं."

आता पाहा, इतल्या वर्साची सवय. शोभा सयपाकघरातून पान्याचा तांब्या घेऊन खरंच आली. पंगतीच्या मधात उभी राहून म्हने, "कोनाले पाह्यजे जी?"

मामा पयले हासला. मंग सगळे हासले अन् सोयरीक वाचली. पन शोभा हासली नाई. वापस येतांना यष्टीत तिनं मले सांगतलं, "आता तुमी तहानेनं तडफडले ना, तरी त्या आवाजावर मी उठनार नाई. शपथ हाये माही."

दुसऱ्या दिवशी मले घेऊन ते सोताच भातकुलीले आली, सलीमच्या मोबाईल दुकानात. सलीम माहा जुना दोस्त, त्याचे अब्बा अन् माहा बाप बाजारात एका जागी बसत. त्यानं सगळं आयकलं, पोट धरून हासला, मंग चष्मा लावला.

"काढून टाक तो प्लेअर," शोभा म्हने.

"भाभी, हा निंघत नाही. कंपनीकडूनच आला. हे पाहा, अनइन्स्टॉलचं बटनच नाही."

"काहून नाई?"

"आता देवाभाऊचं नाक हाये. पसंद नसलं तरी काढता येते का?"

"बंद तं करता येईन," मी म्हनलं.

"डिसेबलचं बटन हाये, पन फिक्कं हाये. दबत नाही... घे, तूच दाब."

म्या दाबलं. मी दाबलं तं त्याच्यातून आरोयी चालू झाली. दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर गेलं.

सलीम मंग इरेलेच पेटला. फोर्स स्टॉप केला, प्लेअर थांबला, चहा येईपर्यंत पुन्हा चालू. त्याच्यातला कॅशे साफ केला, डेटा उडवला. शेवटी सगळा मोबाईलच कोरा करून टाकला, रिसेट का काय म्हनते ते. मोबाईल झोपला, उठला... अन् सगळ्याच्या आधी तोच प्लेअर दात काढून समोर.

"ये तो जमाई है भाऊ," सलीम म्हने, "घर बदला तरी येतेच. पन आता सांगतो, याले गानंच नाही भेटलं तं वाजवनार काय?" माही आरोयी मेमरी कार्डात होती. त्यानं कार्ड बाहेर काढलं, शोभाले दाखवलं, काड्याच्या रिकाम्या पेटीत ठेवलं अन् पेटी ड्रावरमंधी टाकून किल्ली लावली. प्लेअर उघडून दाखवला — एक बी गानं नाई, कोरा. शोभानं तीनदा इचारलं, "आता बोलनार नाई ना?" सलीम म्हने, "भाभी, अब ये बोला तो मै दुकान बंद कर दूंगा."

अन् नाई बोलला तो. म्या त्याच्यातून फक्त फोन कराचं चालू ठेवलं. दिवस चांगले गेले.

मंग आली फवारनी. त्या साली कापसाची पऱ्हाटी मानसाच्या डोक्यावर गेली होती. आत गेला मानूस का धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, टोपी बी दिसे नाई. आता माही हुशारी आयका. किडं मरत नव्हते म्हून म्या दोन औषधं एकत्र केली. मंग शेजाऱ्याच्या घरी तिसरं उरेल होतं, फुकटचं कायले सोडाव, तेबी टाकलं. हालवाले काडी नाई भेटली तं हातानंच हालवलं. तोंडाले बांधाले एक मास्क भेटला होता, तो म्या बकरीच्या पिल्लाच्या तोंडाले बांधला होता, काहून का ते दूध प्याचं सोडे नाई. पिल्लू आमच्यापेक्षा सुरक्षित. अन् भर दुपारी, उपाशी पोटी, वाऱ्याच्या तोंडावर पंप घेऊन मी आत घुसलो. मोबाईल प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात.

मले आठवते ते इतलंच का डोये चुरचुरले, मंग तोंडाले पानी सुटलं, मंग पऱ्हाटी गोल फिराले लागली. शोभाले हाक माराव म्हनलं, तं जीभ हालेच नाई. मले त्या वक्ती जोरदार तहान लागली होती, हे पक्कं आठवते. मंग काई नाई.

पुढचं शोभानं सांगेल हाये.

ते शिदोरी अन् पान्याची कळशी घेऊन धुऱ्यावर आली. बाभयीखाली बसली. मी दिसलो नाई तं तिले वाटलं, आत असन, येईन भुकीनं. अन् मंग तिले आवाज आला. माहाच.

"शोभे, पानी आन वं."

तिचं डोस्कं सनकलं. तिले वाटलं, ह्या मानसानं पुन्हा ते डबडं चालू केलं. बसून राह्यली. पुन्हा आला — "शोभे, पानी आन वं." तीच चाल, तोच सुर, थकेल. ते म्हने, "म्या शपथ घेतली व्हती, म्हून मी हाललीच नाई जी. शिदोरीचं फडकं घट्ट बांधून टाकलं, जेवाले बी देनार नव्हती तुमाले." तिसऱ्यांदा आला. अन् ते येकदम उठली, कळशी घेतली, अन् आवाजाच्या अंगानं पऱ्हाटीत घुसली.

तिथं मी उबडा. पंप पाठीवर तसाच, तोंडाले फेस, दातखिळी बसेल. उतानं केलं तिनं मले, सदरा फाडला अन् सगळी कळशी आंगावर ओतली. चिखल होयेस्तोवर चोळून चोळून धुतलं. मंग बोंब मारली, शेजारच्या वावरातला प्रल्हादभाऊ त्याचा माल वाहाचा ऑटो घेऊन आला, तसंच अमरावतीले नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं शोभाले इचारलं, "लगेच कोणी धुतलं याला?" शोभा घाबरली, तिले वाटलं काई चुकलं. म्हने, "म्या धुतलं जी. त्यायनं पानी मांगतलं होतं." डॉक्टर म्हने, "हा माणूस बोलूच शकत नव्हता, बाई. आणखी थोडा वेळ तसाच राहिला असता तर मी काही करू शकलो नसतो."

मी शुद्धीवर आलो तं समोर शोभा अन् सलीम. सलीमच्या हातात ते काड्याची पेटी. त्याले प्रल्हादभाऊनं फोनवर सगळं सांगतलं होतं. त्यानं पेटी उघडून माह्यासमोर कार्ड धरलं, म्हने, "किल्ली माह्याकडंच होती, देवाभाऊ. दुसरी किल्लीच नाही." मंग माहा मोबाईल घेतला. पन्नीत होता, चालू होता. प्लेअर उघडला. कोरा. एक बी गानं नाई. त्यानं सगळा मोबाईल पालथा घातला, माहा आवाज कुठंच नव्हता.

"कॅशे में रहा होगा," म्हने. मंग सोताच म्हने, "पन तो तं म्याच उडवला होता." मंग कार्ड पुन्हा पेटीत ठेवलं अन् पेटी खिशात घातली. जातांना म्हने, "दुकान बंद करायचं बोललो होतो, ते माफ करा भाभी. पोरंबाळं हायेत."

लोक म्हनतात, तुले भास झाला असन, तूच बोलला असशीन. मी म्हनतो, असन बाप्पा. मले तं शुद्धच नव्हती, मी कोनाशी भांडू? पन दातखिळी बसेल मानूस कसा बोलते? अन् शोभा सांगते का आवाज माह्या तोंडातून नाई, छातीखालून येऊन राहिला होता. ते जवळ पोचली अन् बंद झाला. तवापासून त्या प्लेअरनं तोंड उघडलं नाई.

मले एकच गोठ इचाराची होती तिले. दवाखान्यातून घरी आल्यावर इचारली. म्हनलं, "तू शपथ घेतली होती ना वं? मंग उठली काहून?"

ते चुलीसमोर होती. भाकर उलटवली अन् म्हने, "त्या मोबाईलमंधी पयले शिव्या राहेत, मंग पानी. त्या दिवशी शिव्या आल्याच नाई. नुसतं पानी. तीनदा वाट पाह्यली म्या शिव्याईची..." मंग म्हने, "तुमी शिव्या न देता पानी मांगतलं तं मले भेव वाटलं. काई तरी बिघडलं म्हनलं या मानसाचं."

मी हासाले गेलो अन् हासूच आलं नाई.

याले लय साल झाले. पोरगं कामाले लागलं, सून आली, तिनं मले नवा मोबाईल देला. जुन्याची काच फुटली, त्याच्यावर फोन बी येत नाई. मांगल्या वर्सी भातकुलीत एका पोराले सहज दाखवला, तं म्हने काका, आता काँप्युटरले जोडून निंघतात हे प्लेअर, काढून देऊ का? म्या त्याच्या हातातून मोबाईल असा हिसकला का तो मले सॉरी म्हने.

शोभाले, डॉक्टरले, प्रल्हादभाऊले हात जोडून झाले. सलीमले दर ईदीले जोडतो, तो मले शिव्या देते अन् शिरखुर्मा देते. आता त्या मोबाईलमंधल्याले हात कसे जोडाचे, हे कोनी सांगत नाई. तुमच्यापैकी कोनाले यातलं समजत असन तं लेहा, प्रणाली मले वाचून दाखवन. नाई समजलं तरी चालते. माहं न समजताच चाललं हाये.

अन् तवापासून मी घरात पानी मांगत नाई. तहान लागली का उठतो, सोता घेतो, एक तांब्या शोभाजवळ ठेवतो. येतांना तो जुना मोबाईल चार्जिंगले लावून देतो. आता तेच कराले जाऊन राहिलो.